ग्राउंड लूप आयसोलेटर : एक पावसाळा वापरल्यानंतर

चारेकशे रुपयांची ही काळी डबी गाडीच्या स्पीकरमधली शिट्टी बंद करते का? करते. तरी माझ्या अ‍ॅम्पच्या (स्पीकरचा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या) वायरीत ती आता नाही. काढली, आणि काढल्यावर गाणी जास्त चांगली वाजतात. विकत घेणार असाल तर आधी हे वाचा.

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक. पुढे बाहेरून बसवून घेतलेला डेक (गाणी वाजवणारा प्लेअर), डिकीत चार चॅनलचा अ‍ॅम्प आणि एक वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा स्पीकर. रोजचा रस्ता घोडबंदर रोड ते महापे, कळवा-विटाव्यावरून. माजिवड्याच्या सिग्नलला गाडी उभी असली की बारीक गुणगुण यायची. पुढे ठाणे-बेलापूर रोडला लागून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिची शिट्टी व्हायची. गिअर टाकला की सूर खाली, परत दाबला की वर. इंजिन बंद करून नुसती चावी फिरवली तर काही नाही. आणि डेकचा आवाज पार शून्यावर नेला तरी शिट्टी तेवढीच.

हे शेवटचं लक्षण सगळ्यात कामाचं. आवाज कमी करूनही शिट्टी कमी होत नसेल, तर ती डेकच्या आवाजाच्या बटणानंतर कुठेतरी घुसतेय, म्हणजे डेकमधून अ‍ॅम्पकडे गाणं नेणाऱ्या आरसीए वायरीत किंवा अ‍ॅम्पमध्ये. आवाजाबरोबर तीही कमी-जास्त होत असेल तर डेकच्या अलीकडे शोधायचं.

इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर (बोलीत डायनामो) मुळात तीन फेजचा एसी करंट तयार करतो आणि आतले डायोड त्याचा डीसी करतात. तो डीसी अगदी सपाट नसतो, त्यावर बारीक लाटा राहतात. इंजिन जोरात फिरलं की लाटा जवळजवळ येतात आणि सूर चढतो. हा सगळा करंट गाडीच्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परततो. डेकची अर्थिंग डॅशबोर्डमागे, अ‍ॅम्पची डिकीत. दोन जागांमध्ये काही मिलिव्होल्टचा जरी फरक पडला, तरी आरसीए वायरीच्या बाहेरच्या जाळीतून करंट वाहू लागतो आणि पत्रा-वायर असं वर्तुळ पूर्ण होतं, हाच ग्राउंड लूप. अ‍ॅम्पला ते गाणंच वाटतं आणि तो ते इमानाने मोठं करतो.

डबीत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, डाव्या-उजव्या चॅनलला एकेक. गाणं चुंबकत्वाने पलीकडे जातं, तांब्याचा सलग जोड उरत नाही, म्हणून ते वर्तुळ तुटतं. मे महिन्यात लावली तेव्हा पहिल्याच चावीला शांतता. खूश झालो.

खुशी टिकली नाही, कारण खालचे सूर गेले. भजन लावलं की टाळ खणखणीत, पण पखवाजाची धूम पातळ. स्वस्त डबीतला ट्रान्सफॉर्मरचा गाभा इवलासा असतो. खालच्या सुरांचा भार त्याला झेपत नाही, तो भरून जातो आणि नेमका वूफरचाच घास कमी होतो. डिकीची अर्धी जागा देऊन वूफर बसवायचा आणि त्याच्या तोंडाशी हे ठेवायचं, याला अर्थ नाही.

मग पाऊस. ऑगस्टमध्ये आवाज जरा वाढवला की अ‍ॅम्प मधेच बंद पडायला लागला. वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांनी आधी बॅटरीला मीटर लावला. इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट, मीटर एसी व्होल्टवर टाकून लाटा मोजल्या तर नगण्य. "डायनामो ठणठणीत आहे साहेब, डिकी उघडा." गालिचा उचलला तर ओल. अ‍ॅम्पची अर्थ वायर रंगावरच एका पत्र्याच्या स्क्रूने आवळलेली, वायरीच्या टोकाची लग (धातूची कडी) गंजून तपकिरी. बसवणाऱ्याने रंग खरवडायचे कष्टच घेतले नव्हते. गाणं मोठ्याने लावून अ‍ॅम्पचा निगेटिव्ह आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर धरला, तर ठोक्यागणिक पाऊण व्होल्टच्या आसपास उडी.

काकांनी चकचकीत पत्रा दिसेपर्यंत रंग घासला. नट-बोल्ट, दातेरी वॉशर, प्लसच्या वायरीइतकीच जाड आणि हातभरही नाही अशी नवी वायर. आवळून झाल्यावर वरून ग्रीस. काही जण अर्थ द्यायला सीटबेल्टचा बोल्ट वापरतात. तो बोल्ट अपघातात माणूस धरून ठेवायला असतो, त्याला कोणालाही हात लावू देऊ नका. दाराच्या कडेने पॉवरच्या वायरीला चिकटून आलेली आरसीए वायरही त्यांनी दुसऱ्या बाजूने नेली. मीटरची उडी ०.१ व्होल्टच्या आत आली. मग मी डबी काढायला लावली. शिट्टी नाही, आणि पखवाज परत आला. दिवाळी उलटली तरी तसंच आहे.

तर डबी फुकट गेली का? नाही. तिचीच ३.५ मिमीची (हेडफोनच्या पिनेची) बहीण बायकोच्या गाडीत आहे आणि तिथे ती सोन्यासारखी आहे. त्या गाडीत अ‍ॅम्प नाही. फोन वायरीने डेकच्या ऑक्स सॉकेटला जोडायचा आणि लायटरच्या सॉकेटवर चार्जिंगला लावायचा, की किरकिर सुरू. चार्जरची पिन काढली की बंद, म्हणजे वर्तुळ चार्जरमधून पूर्ण होतंय. इथे खरवडायला पत्रा नाही, ऑक्समध्ये डबी हाच उपाय. दारातले छोटे स्पीकर तसेही फार खाली जात नाहीत, त्यामुळे काही हरवल्याचं जाणवत नाही. ब्लूटूथ असेल तर हाही खर्च वाचतो, वायरच नाही तर वर्तुळ कुठलं.

घेताना सॉकेट ओढून बघा. माझ्या आरसीए डबीचा एक सॉकेट ढिला निघाला. गायमुखच्या खड्ड्यांत डावी बाजू जायची-यायची, शेवटी टेप गुंडाळली.

डॅशकॅम लावल्यापासून एफएम रेनबोच्या १०७.१ वर जी खरखर येते तिच्यावर मात्र कुठलीच डबी चालत नाही, कारण ती अँटेनातून हवेमार्गे शिरते. डॅशकॅमच्या चार्जरच्या वायरीला फेराइटची क्लिप (खरखर अडवणारं चुंबकीय कडं) लावली आणि वायर अँटेनाच्या केबलपासून लांब नेली, तशी निम्म्याहून जास्त गेली. उरलेलीसाठी चार्जर बदलून बघणार आहे.