ठेवायचं, फोटो काढायचा की देऊन टाकायचं?

बाबा गेल्यावर त्यांचं कपाट रिकामं करायला मला आठ महिने लागले. कामाच्या वस्तू दोन दिवसांत हातावेगळ्या झाल्या. अडलं ते पत्रांपाशी, किल्लीच्या घड्याळापाशी आणि कोपरावर विरलेल्या स्वेटरपाशी. आज कुणी अशाच ढिगासमोर बसलं असेल, तर समोर मुळात तीनच वाटा असतात: वस्तू जपून ठेवायची, फोटो किंवा स्कॅन करून मूळ वस्तू सोडायची, नाहीतर कुणाला तरी देऊन टाकायची. तिन्हींपैकी कुठलीही निवडण्याआधी मी आता एकच प्रश्न विचारते. या वस्तूतली आठवण नेमकी कुठे आहे? दिसण्यात, स्पर्शात, की ती वापरण्यात?

पहिल्यांदा सगळे सुचवतात तो फोटो, आणि त्यात तथ्य आहे. ग्राहकांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या केरन विंटरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहांमध्ये वस्तू दान करण्याचं आवाहन केलं होतं. जिथे ‘आठवणीच्या वस्तूचा आधी फोटो काढा, मग द्या’ असं सांगितलं, तिथे 613 वस्तू जमल्या. नुसतं आवाहन केलं, तिथे 533. फोटो हाताशी असला की वस्तू सोडताना जीव कमी तुटतो. बक्षिसांचे कप, मुलांची मोठाली चित्रं, शाळेतले पुठ्ठ्याचे प्रकल्प यांना फोटो पुरतो, कारण त्यांची आठवण पाहण्यातच असते.

पत्रांचं तसं नाही. मी बाबांची पत्रं घाईघाईने मोबाइलवर टिपली आणि कागद रद्दीत दिले. वर्षभराने वाचायला बसले तेव्हा कळलं, की काही पत्रांची मागची बाजू मी टिपलीच नव्हती. एका पत्राच्या शेवटी ‘मागे पाहा’ असं लिहिलंय. मागे काय होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. बाबा बॉलपेन दाबून लिहायचे, त्यामुळे कागदाच्या पाठीवर बोटाला अक्षरं लागायची. तेही गेलं. म्हणून हाताने लिहिलेलं काहीही असेल तर माझं मत स्पष्ट आहे: स्कॅन जरूर करा, पण निवडक कागद तरी ठेवाच. स्कॅन करताना दोन्ही बाजू घ्या, 300 डीपीआय (एका इंचात किती ठिपके टिपायचे, ते ठरवणारा आकडा) ठेवा, लहान छायाचित्रांसाठी 600. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर.

ठेवण्याची वाट सोपी वाटते, कारण त्यात आज काहीच करावं लागत नाही. पण माळ्यावरच्या खोक्यात कोंबून ठेवण्याला जपणं म्हणता येत नाही. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ओल अडकते. कापड वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की घडीवरच विरतं, म्हणून अधूनमधून घडी बदलावी लागते. चिकट पानांच्या जुन्या अल्बममध्ये डिंकाने फोटो पिवळे पडतात. व्हिडिओ कॅसेटचं तर आणखी अवघड. तिचे प्लेअर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने 2016 मध्ये उत्पादन थांबवलं, आणि आतली चुंबकीय फीतही हळूहळू खराब होत असते. कॅसेट नुसती ठेवली तर काही वर्षांनी हाती फक्त डबी राहील. तिचं डिजिटल रूपांतर हे सगळ्यात आधीचं काम. एकूण, जेवढ्याची निगा राखता येईल तेवढंच ठेवावं. माझ्याकडे त्यासाठी एकच पेटी आहे.

‘सहा महिने हात लागला नाही तर काढून टाका’ हा नियम इथे उपयोगाचा नाही. पत्र कुणी रोज वापरत नसतं. घर आवरण्यावर पुस्तकं लिहिणाऱ्या जपानच्या मारी कोंडो आवराआवरीत आठवणीच्या वस्तू सर्वांत शेवटी घ्यायला सांगतात, ते मात्र मला पटतं. कपडे, पुस्तकं, कागद आवरून होईपर्यंत निवडीचा सराव झालेला असतो.

देण्याबद्दल बोलायचं तर विकणं आणि देणं यांत मोठा फरक आहे. माणसं आर्थिक निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करणाऱ्या कानेमन, नेच आणि थेलर यांच्या 1990 च्या प्रयोगात काही जणांना कॉफीचे साधे मग दिले, तर ते विकायला त्यांनी घेणारे देऊ करत होते त्याच्या साधारण दुप्पट किंमत मागितली. नुकत्याच हाती आलेल्या मगाचं हे, तर बाबांच्या घड्याळाचं काय होईल! बाजारभाव ऐकून मनाला लागतंच. म्हणून आठवणीची वस्तू विकू नये, द्यावी, असं मला वाटतं. देताना समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक द्या, नाहीतर आपलं ओझं फक्त दुसऱ्याच्या कपाटात जातं. घड्याळ माझ्या भाच्याने स्वतःहून मागितलं. तो रोज सकाळी त्याला किल्ली देतो, आणि मी घरी गेले की ते माझ्या कानाला लावतो.

स्वेटर माझ्याकडेच आहे. कोपर मिळत्याजुळत्या रंगाच्या लोकरीने रफू केला आणि थंडीत मी तो घालते. वापरण्याआधी धुतला, तेव्हा बाबांचा वास एका धुण्यात गेला. ज्यांना वास हवा असेल, त्यांनी कपडा धुवायची घाई करू नये.