15 रुपयांचा डिजिटल सातबारा: विसार देण्याआधी एवढं वाचाच

वाईजवळ दीड एकर जमीन बघत होते. एजंटाने सातबाऱ्याची झेरॉक्स हातात दिली, ती निघाली तीन वर्षांपूर्वीची. म्हणून महाभूमीच्या (राज्य सरकारचं जमीन नोंदींचं संकेतस्थळ) डिजिटल सातबारा सेवेवर मोबाइल नंबर टाकून नोंदणी केली, खात्यात पैसे भरले आणि ताजा उतारा काढला. एका उताऱ्याचे 15 रुपये. डिजिटल सही असते, तलाठ्याच्या शिक्क्यासाठी हेलपाटे नाहीत. (महाभूलेखवर फुकट दिसतो तो उतारा फक्त माहितीपुरता.)

झेरॉक्सवर एकट्या वडिलांचं नाव होतं. ताज्या उताऱ्यावर वारसनोंद झालेली: दोन मुलगे खातेदार, आणि 'इतर हक्क' या रकान्यात दोन बहिणी. एजंट म्हणाला, "ताई, त्यांची लग्नं होऊन वर्षं झाली, त्यांचं काय मनावर घेता?" मी घेतलं. माझ्या माहेरच्या उताऱ्यावर माझंही नाव बरीच वर्षं त्याच रकान्यात होतं. मुलीचा वाटा लग्नाने जात नाही, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत तो मुलाच्या बरोबरीचा आहे. दोघी बहिणींनी खरेदीखतावर स्वतः सही करावी, नाहीतर आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवावं, असं मी स्पष्ट सांगितलं. नुसत्या 'आमची हरकत नाही'वर मी व्यवहार करणार नाही.

त्याच रकान्यात विहीर सापडली. 'स्वतःची विहीर' सांगितली होती. नोंद होती चार आणे हिस्सा. म्हणजे पाण्याची पाळी चार दिवसांतून एकदा. कुळकायदा कलम 43 चा शेरा (कुळाला मिळालेली जमीन विकण्यावरचं बंधन) किंवा सोसायटीच्या कर्जाचा बोजाही इथेच असतो. आमच्या उताऱ्यावर दोन्ही नव्हतं, खातंही भोगवटादार वर्ग 1 चं, म्हणजे विकायला सरकारी परवानगी न लागणारं. क्षेत्रही नीट बघा: एकूण 60 आर, त्यात 12 आर पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारं. भाव मात्र पूर्ण 60 आरचा सांगितला होता.

उतारा सांगत नाही तो रस्ता. त्यासाठी गटाचा नकाशा घेऊन गेले, डांबरी सडकेपासून शेतापर्यंत चालले. वाटेत दुसऱ्याचा गट लागतो. त्या मालकाने सरळ सांगितलं, पीक निघाल्यावर ट्रॅक्टर न्या, उभ्या पिकातून नाही. वहिवाटीचा रस्ता नकाशात नसेल तर पुढे तहसीलदारांकडे अर्ज करत बसावं लागतं.

शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून माझा माहेरचा सातबारा आहेच. तो नसता तर कुळकायद्याच्या कलम 63 मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेताच आली नसती.

डिजिटल सातबारा सेवेला पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला, कारण जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) बघायला तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जावंच लागलं. त्या दोघींपैकी धाकट्या बहिणीशी फोनवर बोलणं झालंय, ती सहीला यायला तयार आहे. विकणाऱ्या भावांना हद्द कायम मोजणीचा (जमिनीच्या सीमा ठरवणारी सरकारी मोजणी) अर्ज भरायला लावलाय. खुणा ठरेपर्यंत विसाराचे पैसे बँकेतच.