पॅडी चायेफ्स्की: आधी ‘मार्टी’ की आधी ‘नेटवर्क’?

अमेरिकी पटकथाकार चायेफ्स्कीला पटकथेसाठी तीन ऑस्कर, आणि तिन्ही पटकथा एकट्याने लिहिलेल्या: ‘मार्टी’ (१९५५), ‘द हॉस्पिटल’ (१९७१), ‘नेटवर्क’ (१९७६). चायेफ्स्कीचं लेखन पहिल्यांदाच बघणाऱ्याने सुरुवात कुठून करावी? बहुतेक जण ‘नेटवर्क’ सुचवतात. मी ‘मार्टी’ सुचवेन.

‘मार्टी’ आधी १९५३ साली टीव्हीवर थेट सादर झालं, मग त्याचा चित्रपट आला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला चौतिशीचा खाटीक, लग्न जमत नाही, एवढीच गोष्ट. चित्रपटात तो एका मुलीला फोन करतो तो प्रसंग नीट बघा. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. कॅमेरा हळूहळू जवळ येतो आणि मार्टी झालेला अर्नेस्ट बोर्गनाइन डोळे मिटून घेतो. नकार संवादात कुठेच नाही, तरी पोटात खड्डा पडतो. साधं बोलणं इतकं खरं लिहिणं फार अवघड असतं हो!

‘नेटवर्क’ची जात वेगळी. इथे माणसं लांबलचक, धारदार भाषणं करतात, टीआरपीसाठी एका निवेदकाचं वेडही विकतात. आजच्या वृत्तवाहिन्या बघताना हा चित्रपट हमखास आठवतो. त्यातल्या बिॲट्रिस स्ट्रेट या अभिनेत्रीला जेमतेम पाच मिनिटांच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला जाब विचारणारी बायको. गंमत म्हणजे त्या पाच मिनिटांत मला ‘मार्टी’चाच लेखक दिसतो. म्हणून आधी ‘मार्टी’ बघा, मग ही बायको जास्त कळेल.