‘ओरिजिनल बी४५’ दीड हजारात? क्लॅरिनेटचा माउथपीस घेण्याआधी हे मोजून बघा

लग्नसराई आणि गणपतीच्या तोंडावर क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांना एक ऑफर हमखास येते: ‘व्हॅनडोरेन बी४५, ओरिजिनल, फक्त दीड हजार, शेवटचे दोन पीस.’ व्हॅनडोरेन या फ्रेंच कंपनीचा खरा बी४५ माउथपीस (वाद्याचं तोंडात धरायचं टोक) अमेरिकेतच शंभर डॉलरच्या पुढे विकला जातो. तो ड्यूटी भरून इथे दीड हजारात मिळणं शक्यच नाही. तरीही लोक फसतात, कारण फोटो खऱ्या मालाचा असतो, डबा हुबेहूब असतो आणि पाठवलेल्या व्हिडिओत आवाज गोड येतो. तो व्हिडिओ वेगळ्याच माउथपीसवर केलेला असतो.

एका बँडमधल्या तरुण वादकाचा असा माउथपीस तपासायला आला तेव्हा त्याची रीडची, म्हणजे माउथपीसवर बांधायच्या कंपणाऱ्या पातळ पट्ट्यांची, अख्खी पेटी वाया गेली होती. रीडचा नंबर मोठा तितकी ती कडक. अडीच नंबर जड जातो म्हणून त्याने दोन लावली, ती चिरकते म्हणून तीन लावली. मग वाद्याची भोकं झाकणारे पॅड गळतायत असं समजून पॅडही बदलून घेतले. दोष वाद्यात नव्हता. बी४५ ची टोकाची फट, म्हणजे रीडचं टोक आणि माउथपीसचं टोक यांमधलं अंतर, १.१९५ मि.मी. असते. याची जेमतेम ०.९५ भरली. त्याहून वाईट म्हणजे रीड ज्यांवर टेकते त्या माउथपीसच्या दोन बाजूंच्या कडा सारख्या नव्हत्या. डावीकडे रीड टोकापासून १८ मि.मी.वर टेकत होती, उजवीकडे १४ वर. अशा माउथपीसवर रीड वाकडी होऊन बंद होते, एका बाजूने हवा निसटते, आणि वरच्या सप्तकात गेलं की ‘चीं’ ठरलेलं. त्यावर फुंकणारा माणूस ओठ अधिकाधिक आवळत जातो आणि ती सवय पुढे चांगल्या माउथपीसवरही सुटत नाही. पैशांपेक्षा हे नुकसान मोठं आहे.

हे मोजायला महागडं उपकरण लागत नाही. गॅरेजवाला टॅपेट सेट करायला वापरतो ते फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांचा संच) आणि काचवाल्याकडून घासून घेतलेली जाड काचेची पट्टी, एवढ्यावर काम भागतं. रीड काढा. काच रीडच्या बैठकीवर, म्हणजे रीड बांधायच्या सपाट भागावर, सपाट धरा, ती टोकाच्या थोडी पुढे आली पाहिजे. ०.०४ किंवा ०.०५ मि.मी.चं पातं टोकाकडून काच आणि कडांच्या मधे अलगद सरकवा आणि आपोआप अडेल तिथे थांबा. पातं आडवं, सरळ अडलं तर कडा सारख्या. तिरकं अडलं तर माउथपीस परत करा. मग टोकापाशी १.०० आणि ०.१५ अशी पाती एकत्र धरून फट बघा: खऱ्या बी४५ मध्ये १.१५ सहज जाते, १.२० अडते किंवा जेमतेम शिरते. व्हॅनडोरेनच्याच इतर मॉडेलांपैकी ५आरव्ही लायर १.०९ असतो, एम३० १.१५. पोलादी पात्याने टोक खरवडलं तर चांगला मालही खराब होतो, म्हणून जोर अजिबात नको.

बैठक काचेवर ठेवून उजेडाकडे धरा. मधे केसाएवढी फट दिसली तर घाबरू नका, बरेच चांगले कारागीर बैठक मुद्दाम किंचित खोलगट ठेवतात. पण माउथपीस काचेवर डुगडुगला तर बैठक फुगीर आहे आणि त्यावर कुठलीच रीड नीट बसणार नाही.

दुकानदार एक चाचणी आवर्जून करून दाखवतात. ओली रीड लावायची, खालचं तोंड तळहाताने बंद करायचं, हवा ओढून घ्यायची. रीड चिकटून राहिली आणि क्षणभराने ‘टप्’ करून सुटली की ‘बघा, एकदम सील’. चाचणी खरी आहे, पण ते दीड नंबरची मऊ रीड लावतात, आणि मऊ रीड वाकड्या कडांवरही चिकटते. आपण रोज वाजवतो त्याच नंबरची रीड लावून स्वतः करून बघा.

दुसरी फसवणूक प्लॅस्टिकला एबोनाइट म्हणून विकण्याची. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. कापडाने जोरात घासलं की गंधकाचा मंद वास येतो, आणि उन्हात राहिलेला जुना पीस हिरवट-तपकिरी पडतो. प्लॅस्टिकला वास नाही आणि काळेपणा चकचकीत असतो. प्लॅस्टिक वाईटच असतं असं नाही, शिकाऊ विद्यार्थ्याला यामाहाचा साधा ४सी पुष्कळ दिवस पुरतो. पैसे एबोनाइटचे घ्यायचे आणि माल प्लॅस्टिकचा द्यायचा, हे चूक. खात्री करायला गरम पाण्यात मात्र बुडवू नका: खरं एबोनाइट असेल तर रंग जाईल आणि कडा वाकतील.

जुना पीस कानसून, पॉलिश करून नव्याच्या भावात खपवणं हेही चालतं. भिंगातून टोकाची पातळ कड बघा. ती सगळीकडे सारख्या जाडीची हवी. एका बाजूला बारीक आणि दुसरीकडे रुंद असेल किंवा छापलेलं नाव अर्धवट पुसट असेल तर त्याच्यावर हात फिरलेला आहे.

आता सूर. व्हॅनडोरेनचे पारंपरिक माउथपीस ४४२ हर्ट्झच्या सुराला धरून असतात, ‘१३ सीरीज’ ४४० साठी. ‘तेरा म्हणजे नवं मॉडेल’ असं सांगून जास्त पैसे मागणाऱ्याला हा फरक विचारा. वाद्य दहा मिनिटं वाजवून गरम करा. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर सगळी भोकं मोकळी सोडली की पेटीची पांढरी चार यायला हवी. मग खालच्या सप्तकातला एक सूर धरून त्याच बोटांनी रजिस्टरची चावी दाबा: तो सूर सा मानला तर वरच्या सप्तकातला पंचम मिळतो. पेटीशी ताडून बघा. हा पंचम सगळीकडे वेडावाकडा लागत असेल आणि तुमच्या जुन्या माउथपीसवर तसा लागत नसेल, तर आतल्या पोकळीचं माप चुकलंय. ते बॅरल (माउथपीस ज्यात बसतो तो नळीचा तुकडा) ओढून सुधारत नाही.

जर्मन पद्धतीचा अरुंद माउथपीस किंवा छोट्या ई फ्लॅट क्लॅरिनेटचा पीस बॅरलमध्ये दोरा गुंडाळून बसवून देणारेही भेटतात. दोरा दिसला की घेऊ नका.

त्या तरुणाला विक्रेत्याचं उत्तर होतं, ‘रीड लावलीय, ओठ लागलाय, परत घेणार नाही.’ म्हणून वाजवून बघून परत करण्याची मुदत आणि मॉडेलचं नाव बिलावर लिहून घ्या. वर सांगितलेली काचेची मोजणी ओठ न लावता होते, पार्सल उघडतानाच व्हिडिओ चालू ठेवून करा. बिल असूनही विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पैसे यूपीआयने थेट घेऊन माणूस गायब झाला असेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते, म्हणून तासाभराचाही उशीर महागात पडतो.