ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स ‘गेला’ म्हणून मला ६८,५०० ला कापलं

लिहायला लाज वाटते. एकवीस वर्षं मी बँकेत ऑडिट करतोय, लोकांच्या व्हाउचरवर लाल खुणा मारतोय, आणि स्वतः मात्र ६८,५०० रुपये बिलाशिवाय देऊन आलो. “बिल घ्या हो,” असं बायको दोनदा म्हणाली होती, तेही कबूल करून टाकतो.

गाडी सहा वर्षांची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलच्या जोरावर गिअरबॉक्सला देणारी ऑटोमॅटिक). मार्चमध्ये वडिलांकडे साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीच्या चढाला इंजिन अचानक ओरडायला लागलं. आरपीएमचा काटा ४,००० वर आणि गाडी बैलगाडीच्या चालीने. पाय जरा सैल केला की गिअर धरायचा, वळणावर पुन्हा सुटायचा. सपाटीला काहीच नाही. आता मला कळतं की हे लक्षणच बोलकं होतं. गिअरबॉक्समधलं ऑइल कमी असलं की चढावर, वळणावर ते एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं आणि आतले क्लच पकडत नाहीत. पण वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चार दिवसांवर होतं आणि कंपनीच्या वर्कशॉपने दहा दिवसांनंतरची तारीख दिली होती. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

ऑफिसातल्या एकाने हायवेलगतचं गॅरेज सुचवलं. माणूस गोड. “बसा दादा, चहा घ्या.” चहा अर्धा झाला नसेल, तोवर पाण्याची कापलेली बाटली घेऊन आला. तळाशी चार बोटं काळंकुट्ट तेल. त्यात बोट बुडवून माझ्याच तळव्यावर चोळलं. “कोळसा झालाय बघा. क्लच पॅक जळाले. आता शंभर किलोमीटर चालवलीत तर नवा गिअरबॉक्स, दोन लाख.”

इथे माझे डोळे कुठे गेले होते? गाडी माझ्यासमोर दहा फुटांवर उभी होती. चारही चाकं जमिनीवर, ना लिफ्ट, ना जॅक, बॉनेटसुद्धा बंद. माझ्या गिअरबॉक्सला डिपस्टिकच नाही. ऑइल बघायचा बोल्ट खालून आहे. मग ते तेल आलं कुठून? शिवाय जळलेल्या एटीएफचा, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचा, वास नाकात बसतो. माझ्या हाताला साध्या इंजिन ऑइलचा वास येत होता. मी हुंगला होता हो तो! आणि रुमालाला हात पुसून म्हणालो, “करून टाका.” रुमालावरचा डाग अजून गेलेला नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. २५,००० यूपीआयने (नाव कुठल्यातरी बाईचं, गॅरेजचं नाही), १५,००० रोख कारण ‘पार्टवाला रोखच मागतो’. व्हॉट्सअॅपवर उघडलेल्या गिअरबॉक्सचा फोटो आला. तो कोणाच्या गाडीचा, देव जाणे. तीन दिवसांचे अकरा झाले, ऑपरेशनला मी एसटीने गेलो. उरलेले २८,५०० पण रोख, कारण बिल केलं तर वर १८ टक्के जीएसटी. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारवाला सकाळीच घेऊन गेला. जुने पार्ट डिकीत पडल्याशिवाय शेवटचा रुपया सोडू नका.

तीन आठवडे गाडी लोण्यासारखी चालली. मग पुन्हा तेच, आणि पार्किंगमध्ये लालसर थेंब. दुसऱ्या मेकॅनिकने आधी स्कॅनर लावला, मग गाडी लिफ्टवर घेऊन मला खाली बोलावलं. गिअरबॉक्सच्या पॅनचे (खालच्या ऑइलच्या ट्रेचे) बोल्ट मातीने लिंपलेले, एकालाही पाना लागलेला नाही. गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणारा होज (रबरी नळी) क्लॅम्पपाशी गळत होता. पहिल्या भामट्याने नुसतं ऑइल भरून दिलं होतं! होज आणि क्लॅम्प १,९००, चार लिटर ऑइल ३,४००, मजुरी १,५५०. एकूण ६,८५०. तेवढंच दुखणं होतं.

(एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्राने चालवणारी ऑटोमॅटिक, असेल तर हे लागू नाही. तिथे टॉर्क कन्व्हर्टर नसतो, क्लच प्लेट बघायची. आणि सीव्हीटीत (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये) कोणी साधं एटीएफ ओतत असेल तर चावी घेऊन निघा.)

चौकीत गेलो. साहेब मोबाइलवरून मान वर न करता म्हणाले, “पैसे तुम्हीच दिले ना? मग दिवाणी मॅटर आहे.” अर्जाची पोच मागितली तर उद्या या. उद्या गेलो तर साहेब बंदोबस्तावर. परवा गेलो तर अर्जच सापडेना. आरटीओत म्हणाले, गॅरेज आमच्याकडे येत नाही. मग कोणाकडे येतं? हेल्मेट नसलं की माझा फोटो काढायला यंत्रणा आहे, आणि दिवसाढवळ्या ६८,५०० नेणाऱ्यासाठी एक टेबल नाही? ओळखीचे वकील म्हणाले, १५,००० फी, शिवाय मेकॅनिकचा लेखी रिपोर्ट आणा. तो मेकॅनिक म्हणतो, “साहेब, एकाच लाइनीत धंदा करायचाय, शिक्का मागू नका.”

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही, म्हणून तक्रार मीच लिहितोय. पुरावा म्हणून २५,००० ची यूपीआय पावती आणि मातीने लिंपलेल्या बोल्टचे लिफ्टखाली काढलेले चार फोटो. रोख दिलेले ४३,५०० कागदावर कुठेच नाहीत.