आरएसआय डायव्हर्जन्सवर ट्रेंड ओळखणं: काही महिन्यांच्या वापरानंतर

डेली चार्टवर सध्या चारच गोष्टी लावलेल्या आहेत: १४ कँडलचा (इथे एक कँडल म्हणजे एक दिवस) आरएसआय, म्हणजे सरासरी वाढ आणि घट यांच्या प्रमाणावरून ० ते १०० मध्ये भावाचा वेग दाखवणारा आकडा; १४ चा एडीएक्स, म्हणजे ट्रेंडची ताकद; १४ चा एटीआर, म्हणजे भावाची सरासरी हालचाल; आणि व्हॉल्यूम. एमएसीडी आणि स्टोकॅस्टिक हे इंडिकेटर काढून टाकले. आरएसआयसारखेच तेही भावातूनच निघतात, त्यामुळे तिघांचं एकमत झालं तरी पुरावा तिप्पट होत नाही.

डायव्हर्जन्स (भावाचा टॉप आधीच्यापेक्षा वर, पण आरएसआयचा खाली) दिसला म्हणजे ट्रेंड फिरला, हा समज सर्वात महाग पडतो. सरासरी वाढ ३ आणि सरासरी घट १ असेल तर आरएसआय ७५ येतो. वाढ २ वर आली, घट तेवढीच राहिली, की आरएसआय ६६.७. भाव मात्र अजून वरच चाललाय! फक्त वेग मंदावलाय. जोरदार तेजीत असे दोन-तीन डायव्हर्जन्स लागोपाठ येतात आणि प्रत्येक वेळी शॉर्ट करणारा (भाव पडेल म्हणून आधी विकणारा) अडकतो.

म्हणून आधी एडीएक्स बघायचा. तो २५ च्या वर असून चढत असेल तर डायव्हर्जन्स सोडून द्यायचा. वरून खाली वळला असेल तरच पुढे जायचं. एंट्री दोन टॉपच्या मधला लो तुटून कँडल त्याखाली क्लोज झाल्यावरच, आणि त्या कँडलला व्हॉल्यूम हवा. स्टॉपलॉस (तोटा थांबवायची पातळी) दुसऱ्या टॉपच्या वर अर्धा एटीआर. एंट्रीपासून स्टॉपलॉसपर्यंतचं अंतर २५ असेल आणि १००० चाच तोटा सोसायचा असेल, तर क्वांटिटी ४०. अंतर फार मोठं निघालं तर तो ट्रेड घेऊच नये.

टॉप जुळवताना हाय नव्हे, क्लोज धरा, कारण आरएसआय क्लोजवर मोजला जातो. आणि टॉपच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन कँडल पूर्ण होईपर्यंत तो टॉप मानूच नका. म्हणजे सिग्नल दोन कँडल उशिरा मिळतो. जुन्या चार्टवर खूण अगदी टोकावर दिसते, पण प्रत्यक्षात त्या दिवशी ती तिथे नसते. बॅकटेस्टचे (जुन्या डेटावरच्या चाचणीचे) सुंदर आकडे बऱ्याचदा इथूनच येतात. चालू कँडलवरचा आरएसआयही क्लोजपर्यंत हलत राहतो, तेव्हा मधेच दिसलेला डायव्हर्जन्स संध्याकाळी गायब झालेला असू शकतो.

दोन सॉफ्टवेअरमध्ये आरएसआय वेगळा येत असेल तर किती डेटा लोड झालाय ते तपासा. आरएसआय बनवणाऱ्या वाइल्डरच्या सरासरी काढण्याच्या पद्धतीत सुरुवातीच्या सरासरीचा भार ३० कँडलनंतरही सुमारे ११ टक्के उरतो, १०० नंतर तो नगण्य होतो. शेअर स्प्लिट झाला (एका शेअरचे अनेक केले) असेल तर भाव ॲडजस्ट केलेले आहेत ना, हेही पाहा. नाहीतर स्प्लिटचा दिवस मोठी पडझड म्हणून मोजला जातो आणि पुढचे कित्येक दिवस आरएसआय उगाच तळाला दिसतो.