वेटलिस्ट लागली, आता पत्र कोणतं धाडायचं?

मेडिकलला अर्ज केलेल्या भाचीचा मार्चमध्ये फोन आला. "मामा, वेटलिस्ट." आवाज ना रडका ना हसरा. मागून ताईचा प्रश्न, "नंबर कितवा आहे? आणि पुढचा राऊंड कधी लागणार?"

ताई न्यू जर्सीत पंचवीस वर्षं राहते, पण मेडिकलची ॲडमिशन म्हटलं की तिच्या डोक्यात अजून महाराष्ट्रच असतो. नीटचा रँक, सीईटी सेलची यादी, कट-ऑफ, पहिला राऊंड, दुसरा राऊंड. तिथे पत्र लिहून कुणाचा नंबर वर सरकत नाही. अमेरिकेत उलट आहे. बरीच मेडिकल स्कूल्स वेटलिस्टचा नंबर सांगतच नाहीत. कुठे गट पाडलेले असतात, तर कुठे यादीला क्रमच नसतो आणि जागा रिकामी झाली की समिती पुन्हा फायली उघडते. दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त मुलं एमडीसाठी (इथली डॉक्टरकीची पहिली पदवी) अर्ज करतात आणि सुमारे २३ हजारांना प्रवेश मिळतो. त्यातले काही याच यादीतून आत जातात. त्यामुळे पत्राला इथे थोडी तरी जागा आहे. प्रश्न आहे तो कोणत्या पत्राला.

पत्रं तीन प्रकारची, आणि मुलं ती सर्रास एकमेकांत मिसळतात. अपडेट लेटर म्हणजे अर्जानंतर काय नवं घडलं ते कळवणं. लेटर ऑफ इंटरेस्ट म्हणजे "तुमचं कॉलेज मला अजूनही हवंय, आणि का ते असं." लेटर ऑफ इंटेंट म्हणजे शब्द देणं: घेतलंत तर बाकी सगळं सोडून मी तुमच्याकडेच येईन.

माझं झुकतं माप अपडेटला आहे. ॲमकासचा, म्हणजे बहुतेक एमडी कॉलेजांना मिळून जाणारा एकच सामाईक अर्ज बहुतेक मुलं आदल्या वर्षीच्या जूनच्या आसपास भरतात. एकदा सबमिट झाला की पत्ता, फोन वगैरे बदलता येतो, पण केलेल्या कामांची यादी गोठते. म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये समितीपुढे जी मुलगी असते, ती दहा महिन्यांपूर्वीची. ती तफावत भरून काढायला अपडेट लेटर हेच साधन आहे. पण तफावत असेल तरच.

भाचीचा पहिला मसुदा असा होता: मी क्लिनिकमध्ये स्वयंसेवा सुरूच ठेवली आहे, तिथे खूप शिकायला मिळतं, रुग्णांबद्दलची माझी आस्था वाढली आहे. मी विचारलं, "आस्था राहू दे बाजूला, शनिवारी तू नेमकं करतेस काय?" मग एकेक बाहेर आलं. जानेवारीपासून दर शनिवारी चार तास ती दाराजवळच्या टेबलावर बसते, रक्तदाब घेते, स्पॅनिश बोलणाऱ्या रुग्णांचे फॉर्म भरून घेते. औषधांची नावं न सांगता येणारे लोक पाहून तिने "घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणा" अशी स्पॅनिशमधली चिठ्ठी छापून घेतली, आणि आता दोन नव्या मुलांना ते टेबल सांभाळायला शिकवतेय. एवढं लिहिलं की पत्र झालं. एक पान पुरतं. वर नाव आणि एएएमसी आयडी, म्हणजे अर्जदाराचा ओळख क्रमांक. नवा शोधनिबंध छापून आला, सेमिस्टरचे मार्क आले, नोकरी लागली, तर तेही घालावं. अर्जात आधीच असलेलं पुन्हा सांगू नये, आणि नवं काहीच नसेल तर अपडेट म्हणून पत्र पाठवू नये. रिकामं पाकीट मुद्दाम उघडायला लावल्यासारखं होतं ते.

लेटर ऑफ इंटरेस्टबद्दल मला फार बोलायचं नाही. सुटं पाठवलं तर ते बहुतेकदा कॉलेजच्या वेबसाइटची उजळणी होतं. त्यातलं कामाचं एवढंच, की इंटरव्ह्यूच्या दिवशी कळलेली एखादी खरी गोष्ट आणि ती तुमच्या कामाशी कशी जुळते हे. तो परिच्छेद अपडेटच्या शेवटी जोडावा. तसं केलं तर तीन कॉलेजांना तीन पत्रं जातात, पण शेवटचा परिच्छेद प्रत्येकाचा वेगळा हवा. आमच्या घरी रात्री अकरा वाजता अपलोडचं बटण दाबायच्या आधी दिसलं, की दुसऱ्या कॉलेजच्या पत्रात पहिल्याच कॉलेजच्या गावाचं नाव राहिलंय. ताईने कपाळाला हात लावला. तेव्हापासून माझा नियम आहे, पत्र एकदा मोठ्याने वाचायचं आणि तेही दुसऱ्या माणसाने.

लेटर ऑफ इंटेंट मात्र जड गोष्ट आहे. कायद्याने ते बांधत नाही, पण शब्द दिला तो एकालाच द्यावा. दोघांना पाठवणारी मुलं असतात. मला ते पटत नाही. डॉक्टर व्हायला निघालेल्या माणसाने पहिलीच सही खोटी करू नये, आणि हे जग वाटतं त्यापेक्षा लहान आहे. दुसरी अडचण पैशांची. शब्द द्यायचा तेव्हा आर्थिक मदतीचा आकडा हातात नसतो. त्यात १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज बंद आहे, आणि मेडिकलसारख्या पदवीला सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर, एकूण २ लाख डॉलर एवढंच. महागड्या खासगी कॉलेजचा खर्च याच्या कितीतरी वर जातो. हातात स्वतःच्या राज्यातल्या सरकारी कॉलेजची सीट असेल, तर "काही झालं तरी तुमच्याकडेच येईन" हे वाक्य लिहिण्याआधी आईवडिलांनी बसून हिशेब करावा. हिशेब बसत नसेल तर इंटेंट नको, प्रामाणिक अपडेट पुरे.

कधी पाठवायचं, याचं उत्तर ॲमकासच्या कॅलेंडरमध्ये आहे. १५ एप्रिलपर्यंत मुलांनी हातातल्या ऑफर्स तीनवर आणायच्या, ३० एप्रिलपर्यंत एकावर. त्यामुळे सोडलेल्या जागांचा हिशेब एप्रिलअखेर कॉलेजांना लागतो आणि यादी हलू लागते. अपडेट त्याआधी, एप्रिलच्या मध्यापर्यंत फाइलमध्ये पडलेलं बरं. इंटेंटही त्याच सुमारास, म्हणजे इतर ऑफर्सचं चित्र स्पष्ट झाल्यावर. फेब्रुवारीत घाईने दिलेला शब्द एप्रिलमध्ये गळ्यात येतो. टेक्सासची सरकारी कॉलेजं आणि डीओची (ऑस्टिओपॅथीच्या डॉक्टरकीची) कॉलेजं वेगळ्या पद्धतीने चालतात, त्यांना या तारखा लावू नका.

पण या सगळ्याच्या आधी पोर्टलवरची सूचना वाचा. काही कॉलेजं स्पष्ट लिहितात: काही पाठवू नका. तिथे गप्प बसणं हाच योग्य पर्याय. अशा वेळी "ओळखीतून एक शब्द टाकतो" म्हणणारे काका महाराष्ट्र मंडळात हमखास भेटतात, त्यांना चहा पाजावा आणि विषय बदलावा. आईवडिलांनी ॲडमिशन ऑफिसला फोन करणं तर नकोच. जिथे पोर्टलमधून अपलोड करा म्हटलंय तिथे ईमेल करू नये, आणि जिथे एकच अपडेट चालतं तिथे ते जपून वापरावं.

एक बारीक गोष्ट पत्रापेक्षा महत्त्वाची आहे. हातात एक सीट असताना दुसरीकडे वेटलिस्टवर थांबायचं असेल, तर ॲमकासच्या टूलमध्ये "प्लॅन टू एन्रोल" (यायचा विचार आहे, पण अजून पक्कं नाही) ठेवा. "कमिट टू एन्रोल" दाबलं म्हणजे बाकी सगळीकडून, वेटलिस्टमधूनसुद्धा, नाव काढून घ्यायचं. कमिट कधी करायचं याची मुदत प्रत्येक कॉलेजची वेगळी असते, ती वहीत लिहून ठेवा. आणि हातात एकही सीट नसेल तर नुसतं पत्राच्या उत्तराकडे डोळे लावून बसू नका. नवा अर्ज मे महिन्यातच उघडतो, आणि अपडेटसाठी लिहिलेला तोच परिच्छेद तिथे जसाच्या तसा उपयोगी पडतो.

भाची तीन कॉलेजांच्या वेटलिस्टवर होती. तिने शेवटी दोघांना अपडेट पाठवलं, त्यातल्या एकाला इंटेंटच्या दोन ओळी जोडून, तेही ताई आणि भावोजींनी आकडेमोड केल्यावर. तिसऱ्याच्या पोर्टलवर "पाठवू नका" होतं, तिथे काहीच नाही. जूनमध्ये फोन आला तो त्या तिसऱ्याचा, उत्तर द्यायला मोजके दिवस. हातातल्या सीटवर ती "प्लॅन टू एन्रोल"वरच थांबली होती म्हणून हो म्हणता आलं. ज्याला शब्द दिला होता त्याला तिने त्याच संध्याकाळी विचारलं, यादी अजून उघडी आहे का. ती बंद झाली होती.

ताई म्हणाली, "बघ, लागला की नाही राऊंड!"